आपल्या गावात घर बांधायचे तर : आधी जागा, मग परवानगी

(नागरिकशास्त्र – अभ्यास लेख. इयत्ता आठवी ते दहावी. पालकांनीही अवश्य वाचावा.)

विद्यार्थी मित्रांनो, 'ग्रामपंचायतीची कामे' हा धडा तुम्ही दरवर्षी पाठ करता. पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, रस्ते, गटारे, जन्ममृत्यूची नोंद. परीक्षेत पाच कामे लिहा म्हटले की पाच लिहून मोकळे. या वर्षी मात्र नववीच्या वर्गात एका मुलीने हात वर करून विचारले, "गुरुजी, आमच्या घराला पंचायत परवानगी देत नाही, ते यांपैकी कोणत्या कामात बसते?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही, कारण उत्तर आम्हालाही नीट येत नव्हते. पुढे तिचे वडील कागदांची पिशवी घेऊन शाळेत आले, आम्ही ते कागद वाचले, जाणत्यांना विचारले, कायद्याची पुस्तके चाळली. त्यातून जे हाती आले ते येथे देत आहोत. इंद्रवेल्ली मंडलातील बहुतेक मराठी घरांना आज ना उद्या हा प्रश्न पडणारच आहे.

त्या पालकांचे म्हणणे साधे होते. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, संडास-न्हाणी आणि वर स्लॅब. त्यासाठी चार वर्षांपूर्वी त्यांनी गावालगतची तीन गुंठे जागा घेतली होती. पिशवीत शंभर रुपयांचा स्टँप पेपर होता. त्यावर विकणाऱ्याचा अंगठा, दोन पंचांच्या सह्या, चतुःसीमा आणि 'आजपासून माझा हक्क राहिला नाही' असे वाक्य. दोन हंगामांच्या कापसाचे पैसे त्यात गेले होते. विकणारा त्यांच्या शेजारचाच गोंड शेतकरी. घरातल्या आजारपणामुळे त्याला पैसे लागले होते. दोघांचे संबंध चांगले होते, आजही आहेत. पंचायत सेक्रेटरींनी अर्ज परत केला तेव्हा या पालकांचा समज झाला की काहीतरी 'द्यावे' लागेल. "किती द्यावे लागतील, गुरुजी?" हाच त्यांचा आम्हाला पहिला प्रश्न होता.

आम्ही त्यांना म्हटले, "भाऊ, येथे देण्याघेण्याचा प्रश्न नाही. या कागदावर परवानगी मिळूच शकत नाही." हे का, ते समजावून घेण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. पहिली, घराची परवानगी. दुसरी, जागेचा हक्क.

पहिली गोष्ट तशी सोपी आहे. तेलंगणा पंचायत राज कायदा २०१८ सालचा आहे. त्याप्रमाणे गावात घर बांधण्यापूर्वी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. अर्ज, जागेच्या मालकीचा पुरावा, घराचा नकाशा आणि फी. लहान घरासाठी, म्हणजे तळमजला आणि त्यावर फार तर दोन मजले, इतक्यापुरता पंचायतीचा अधिकार पुरतो. त्याहून मोठे काम असेल तर नगररचना खात्याची तांत्रिक मंजुरी लागते. रस्त्याला किती जागा सोडली, सांडपाणी कोठे जाणार, शेजाऱ्याच्या भिंतीला किती अंतर, हे पाहायचे असते. शेतजमिनीवर घर बांधायचे असेल तर आधी ती जमीन बिगरशेती करून घ्यावी लागते; तो कायदा २००६ सालचा आहे. जुन्या गावठाणात, ज्याला आपल्याकडे निजामाच्या काळापासून 'आबादी' म्हणतात आणि तेलुगूत 'ग्रामकंठम्', तेथे हा बिगरशेतीचा प्रश्न येत नाही. या कामात खरी अडचण क्वचितच येते. नकाशा चुकला तर सुधारता येतो, फी कमी पडली तर भरता येते.

अडते ते मालकीच्या पुराव्यापाशी.

आपले इंद्रवेल्ली मंडल भारतीय संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात येते. आपण त्याला 'एजन्सी' म्हणतो. या क्षेत्रासाठी राज्यपाल वेगळे नियम, म्हणजे रेग्युलेशन, करू शकतात. आंध्र प्रदेशात १९५९ साली जमीन हस्तांतरणाचे पहिले रेग्युलेशन झाले. १९६३ साली ते तेलंगणा भागाला लागू झाले. १९७० साली त्यात जी दुरुस्ती झाली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. तिचा अर्थ असा : अनुसूचित क्षेत्रातील स्थावर मालमत्ता अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, किंवा अशाच सभासदांच्या सहकारी संस्थेला, एवढेच देता येते. विकणारा आदिवासी असो की बिगर-आदिवासी, घेणारा आदिवासीच पाहिजे. दुसरा कोणताही व्यवहार 'शून्य आणि रद्दबातल' आहे. म्हणजे तो व्यवहार पुढे कोणी रद्द करायचा असतो असे नाही. कायद्याच्या नजरेत तो झालेलाच नसतो. मुलांनो, गणितात कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तर काय येते? स्टँप पेपर शंभराचा असो की हजाराचा, पंच दोन असोत की दहा, उत्तर तेच.

आणखी एक कलम पालकांनी लक्षात ठेवावे. एजन्सीत बिगर-आदिवासीच्या ताब्यात एखादी जागा असेल, तर उलट पुरावा दिला जाईपर्यंत ती मूळ आदिवासीकडूनच आली, असे कायदा धरून चालतो. आपली जागा तशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार ताबा असणाऱ्यावर आहे. याविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८८ साली पी. रामी रेड्डी यांच्या खटल्यात न्यायालयाने हे रेग्युलेशन वैध ठरवले. काही जणांना वाटते की हे शेतजमिनीपुरते आहे, घराच्या जागेला नाही. ते खरे नाही. 'स्थावर मालमत्ता' म्हटले की त्यात घर आणि घराची जागा आली. 'हस्तांतरण' या शब्दात विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा सगळे येते. मृत्युपत्र मात्र त्यात धरलेले नाही, आणि वडिलोपार्जित घर वारसाने मुलांकडे येणे हेही हस्तांतरण नव्हे. हा शेवटचा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

येथे आमच्या वर्गात एक गैरसमज झाला, तो सांगण्यासारखा आहे. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मराठी माणसाला येथे घरच बांधता येत नाही?" तसे नाही. कायदा भाषा विचारत नाही. आपल्या जिल्ह्यातील परधान समाजाची घरची भाषा मराठी आहे, आंध समाजाचीही मराठीच आहे, आणि दोन्ही अनुसूचित जमाती आहेत. तुमच्याच बाकावर बसणाऱ्या, तुमच्यासारखेच मराठी बोलणाऱ्या मित्राला जी जागा घेता येते ती तुम्हाला येत नाही, असे होऊ शकते. उलट पैनगंगेपलीकडील बंजारा नातलगांचे पाहा. तेलंगणात लंबाडा समाज अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात बंजारा समाज त्या यादीत नाही. जमातींची यादी राज्यागणिक वेगळी असते, आणि एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्यामुळे सोयरिकी सगळ्या तिकडच्या. सोयरीक नदी ओलांडते, दाखला ओलांडत नाही.

असा कडक कायदा का करावा लागला? त्याचे उत्तर आपल्याच गावात आहे आणि ते आपल्याला थोडे अवघड वाटणारे आहे.

१९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम मारला गेला. त्याचे मागणे जल, जंगल, जमिनीचे होते. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या परिस्थितीचा अभ्यास करण्यास पाठवले. तो मार्लवाई गावात राहिला. गोंड मुलांसाठी तेथे शिक्षणकेंद्र निघाले, आणि आपल्या वाचकांना याचे कौतुक वाटेल, पहिली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या भागात लिहिण्या-वाचण्याची ओळख लोकांना मराठीमुळे होती. पुढे ज्यांचे इतिहासग्रंथ महाराष्ट्रात घरोघर गेले ते सेतुमाधवराव पगडी त्या काळात हैदराबाद राज्याचे अधिकारी म्हणून येथे काम करीत होते. त्यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. याच वर्षांत आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याची मोठी मोहीम झाली. १९४९ पर्यंत अकरा हजारांवर लोकांना सुमारे १ लाख ६० हजार एकर जमिनीचे पट्टे मिळाले. निजामाने आदिवासी क्षेत्रासाठी वेगळे नियमही केले.

त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत या पट्ट्यांपैकी बरीच जमीन हातची गेली. कर्जापायी, आजारपणापायी, लग्नापायी, कधी चार पोती ज्वारीसाठी. घेणाऱ्यांत मराठवाड्यातून, वऱ्हाडातून आलेले शेतकरी होते, व्यापारी होते, तेलुगू भागातून आलेलेही होते. सगळेच लबाड होते असे आम्ही म्हणणार नाही. दुष्काळाने पिटाळलेले, बैलजोडी आणि चार भांडी घेऊन आलेले पुष्कळ होते, आणि आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा त्यांतलेच. पण जमीन एकाची गेली आणि दुसऱ्याची झाली, हे खरेच आहे. २० एप्रिल १९८१, सोमवार, आपल्या बाजाराचा दिवस. गिरिजन रैतु कुली संघमची सभा ठरली होती. मागण्यांत मुख्य मागणी गेलेल्या जमिनीची होती. सभेची परवानगी ऐन वेळी काढून घेतली गेली, जमाव आला, पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. नागरी हक्कांचे काम करणाऱ्यांनी तो कितीतरी जास्त असल्याचे सांगितले. गावाबाहेरचा स्तूप तुम्ही रोज पाहता. त्या स्तूपाच्या आणि तुमच्या वडिलांच्या परत आलेल्या अर्जाच्या मध्ये एक सरळ रेघ आहे, असे आम्ही त्या मुलीला सांगितले. ती गप्प राहिली. थोड्या वेळाने तिने विचारले, "मग शेजारच्या काकांना आम्ही फसवले का?" आम्ही म्हटले, नाही बाळ, तुम्ही दोघेही कायदा न वाचता व्यवहार करून बसलात. पण त्यात त्यांची जमीन जाते आणि तुमचे पैसे जातात.

आता जगात इतरत्र काय चालते ते थोडक्यात पाहू, कारण तुलनेने आपले वेगळेपण कळते. शहराचे विभाग पाडून कोठे घरे, कोठे दुकाने, कोठे कारखाने हे ठरवण्याच्या पद्धतीला झोनिंग म्हणतात. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली असे नियम केले. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात ते मान्य केले. हेतू चांगला होता, घराशेजारी कारखान्याचा धूर नको. पण पुढे गावोगाव असे नियम झाले की या भागात फक्त एका कुटुंबाचे घर, आणि प्लॉट इतक्या चौरस फुटांहून लहान चालणार नाही. परिणामी लहान प्लॉटवर लहान घर बांधणाऱ्या गरिबाला परवानगीच मिळेना. ह्यूस्टन शहराने १९९८ साली मध्यवर्ती भागात प्लॉटची किमान मर्यादा पाच हजारांवरून चौदाशे चौरस फुटांवर आणली, तेव्हा तेथे परवडणारी घरे उभी राहिली. आपल्याकडेही, तेलंगणाच्या नगरपालिका हद्दीत २०२० च्या कायद्याने ७५ गजांपर्यंतच्या प्लॉटवरील लहान घराला परवानगीची अट काढून एक रुपयात नोंदणी ठेवली होती. आदिलाबाद शहरात राहणाऱ्या नातेवाइकाचे हे उदाहरण देऊन इंद्रवेल्लीत कोणी वाद घालू नये. महाराष्ट्राचेही उदाहरण देऊ नये. तेथेही १९७४ च्या दुरुस्तीपासून आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. ह्यूस्टनचा माणूस विचारतो, प्लॉट केवढा पाहिजे? एजन्सीत पहिला प्रश्न, जमीन कोणाची? तेथे नियम सैल केला की गरिबाला घर मिळाले. येथे नियम सैल केला तर एका गरिबाला घर मिळेल आणि दुसऱ्या गरिबाची जमीन जाईल.

तेव्हा मार्ग काय?

जे पालक अनुसूचित जमातीचे आहेत, त्यांना जमिनीच्या हक्काची भीती नाही, पण कागदांची डोकेदुखी आहे. पट्टा बहुधा आजोबांच्या नावावर असतो. आजोबांना चार मुले, त्यांची अकरा नातवंडे, आणि वारसनोंद कोणीच केलेली नाही. घरकुलाची यादी लागली की धावपळ सुरू होते. ती नोंद आजच करा. १९५४-५५ ची खासरा पहाणी हा आपल्याकडचा जुन्या नोंदींचा पाया मानला जातो. तहसील कार्यालयात तिची नक्कल मागता येते. ज्यांची वस्ती जंगलजमिनीवर आहे त्यांच्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ज्यांचा ताबा आहे त्या आदिवासींना राहण्यासाठी किंवा कसण्यासाठी चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. तो वारसाने जातो, पण विकता येत नाही.

जे पालक अनुसूचित जमातीचे नाहीत, पण ज्यांचे वाडवडिलांचे घर जुन्या आबादीत आहे, त्यांनी नवी जागा शोधण्याच्या आधी त्या घराकडे पाहावे. वारसाने आलेल्या घराच्या जागी नवे घर बांधणे हा नव्या जागेच्या खरेदीपेक्षा वेगळा विषय आहे. मात्र ते घर केव्हा आणि कसे कुटुंबाकडे आले याचा पुरावा लागेल. घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल हा मालकीचा पुरावा नव्हे. हे वाक्य आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो : घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. पंचायत कर घेते तो राहणाऱ्याकडून घेते, मालक कोण हे ठरवून घेत नाही. पण जुन्या पावत्या, पंचायतीची घरांची जुनी नोंदवही, जुनी मतदार यादी, एखादे नोंदणीकृत खरेदीखत असल्यास ते, असे एकत्र ठेवले की काळ सिद्ध करायला मदत होते. १९६३ आणि १९७० ही दोन वर्षे डोळ्यांसमोर ठेवून कागद लावावेत. त्याआधीचा कागद म्हणजे सगळे झालेच असेही समजू नये, कारण निजामकालीन नियमही होते. तरी हातात काही नसण्यापेक्षा ते बरे.

आणि ज्यांचे आबादीत घर नाही, जमातीचा दाखलाही नाही? येथे आम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही. एजन्सीत त्यांना जागा विकत घेण्याचा कायदेशीर मार्ग नाही. सरकारही त्यांना सरकारी जमीन देऊ शकत नाही. १९९७ च्या 'समता' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे बंधन सरकारलाही लागू आहे. तीन पिढ्या येथे मजुरी करणारी, महाराष्ट्रात कोणीही न उरलेली कुटुंबे आपल्या शाळेत आहेत, त्यांत दलित कुटुंबे बरीच. त्यांचे हाल आम्ही पाहतो. त्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न सरकारने सोडवलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. पण तो शेजारच्या गोंडाच्या गुंठ्यांतून सुटता कामा नये, हेही आमचे मत आहे. एजन्सीबाहेरच्या गावात लहान जागा घेणे हा महाग असला तरी सुरक्षित मार्ग आहे. गड्याच्या नावावर जागा घेणे, ओळखीच्या आदिवासीला कागदोपत्री मालक करणे, असले सल्ले बाजारात फुकट मिळतात. ते ऐकू नयेत. १९७८ च्या दुरुस्तीने अशा व्यवहाराला कैदेची आणि दंडाचीही तरतूद आहे. शिवाय ज्याच्या नावावर जागा तो उद्या बदलला तर कोर्टात तोंड उघडायची सोय नाही.

जागेचे उत्तर मिळाले की पैशाचा प्रश्न. तेलंगणा सरकारने ११ मार्च २०२४ रोजी भद्राचलम येथे 'इंदिरम्मा इल्लू' योजना सुरू केली. स्वतःची जागा असलेल्या गरीब कुटुंबाला पाच लाख रुपये, घर स्त्रीच्या नावे. जोते, भिंती, स्लॅब आणि पूर्ण घर अशा चार टप्प्यांत पैसे मिळतात. घर ४०० चौरस फुटांहून लहान नको आणि ६०० हून मोठे नको. ही वरची मर्यादा अनेकांना नडते. मेव्हणा गवंडी असतो, तो म्हणतो एक खोली वाढवू, आणि बिल अडकते.

आम्ही मुलांना मैदानावर नेले आणि चुन्याच्या फक्कीने २० फूट लांब, २० फूट रुंद चौकोन आखला. खरे घर बांधतानाही अधिकाऱ्यांसमोर अशीच आखणी होते. तेलुगू कर्मचारी तिला 'मुग्गू' म्हणतात, म्हणजे रांगोळी. मुलांना तो चौकोन फार लहान वाटला. आपला वर्ग २० गुणिले २५ आहे, म्हणजे ५०० चौरस फूट. घर वर्गाहून लहान! मग नऊ इंची भिंत धरून हिशेब केला. आत उरले साडेअठरा गुणिले साडेअठरा, म्हणजे ३४२ चौरस फूट आणि थोडे. भिंतींनीच जवळपास ५८ चौरस फूट खाल्ले. पाचवीतल्या मुलांनी ओट्याच्या जागी दप्तरे आणि खाटेच्या जागी सतरंजी ठेवून पाहिली. आता तीन गुंठ्यांचा हिशेब. गुंठा म्हणजे १२१ गज, म्हणजे १,०८९ चौरस फूट. तीन गुंठे ३,२६७ झाले. म्हणजे त्या पालकांनी घराच्या गरजेच्या आठपट जागा घेतली होती. त्या मुलीनेच हा भागाकार फळ्यावर केला.

एक सावधगिरी. पैसे काम झाल्यावर मिळतात. जोते आधी बांधायचे, त्याचा फोटो जागेच्या नोंदीसह जायचा, मग पहिला हप्ता. मुरूम, दगड, सिमेंट, गवंड्याची मजुरी एवढे पैसे आधी घरातून काढावे लागतात. येथे सावकार दारात उभा असतो. बचतगटातील बायकांनी आधीच हा विचार करून ठेवलेला बरा.

आणि ग्रामसभेला जा. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दोन मोठे अधिकार देतो : गरिबांच्या योजनांचे लाभार्थी निवडणे, आणि आदिवासींची जमीन जाण्यापासून रोखणे व गेलेली परत मिळवण्यासाठी पावले उचलणे. आपल्या राज्यात त्याचे नियम २०११ साली झाले. म्हणजे घर कोणाला आणि जागा कोणाची, हे दोन्ही प्रश्न एकाच सभेत विचारता येतात. आपली मराठी मंडळी केस्लापूरच्या नागोबा जत्रेत दरबाराच्या दिवशी अर्ज घेऊन रांगेत उभी राहतात, ते चांगलेच. पण गावच्या ग्रामसभेत हजेरीवर सही करून चहाच्या वेळी निघून जातात. यादी तेथेच वाचली जाते.

त्या पालकांचे पुढे काय झाले ते सांगतो. ते शेजाऱ्याकडे गेले. दोघांनी मिळून तो स्टँप पेपर आमच्यासमोर ठेवला. जागा शेजाऱ्याचीच राहिली, आणि त्याने कापूस विकला की थोडे थोडे पैसे परत द्यायचे कबूल केले. यंदा पहिली रक्कम दिली. सगळे पैसे परत येतील का, आम्हाला ठाऊक नाही; कायद्याने ती मागणी करायला हे पालक कोणत्याही कोर्टात उभे राहू शकले असते असे आम्हाला वाटत नाही. तो त्या शेजाऱ्याचा भलेपणा आहे. जुन्या आबादीत आजोबांचे कुडाचे घर आहे, त्यात तिघा भावांचा वाटा. थोरल्या भावाने संमती दिली, मधला अजून विचार करतो आहे. त्यांना जुना पुरावा हवा होता तेव्हा आपल्या शाळेचे सर्वांत जुने जनरल रजिस्टर उपयोगी पडले. आजोबांच्या धाकट्या भावाचे नाव, गाव आणि दाखल झाल्याची तारीख त्यात निघाली. त्यावरून मालकी ठरत नाही, पण कुटुंब त्या काळी याच गावात होते हे दिसते. मुलीच्या आईच्या नावाने अर्ज तयार आहे. मधल्या काकांची सही झाली की पंचायतीत जाईल.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की जुन्या रजिस्टरांची पाने सुटू लागली आहेत, त्यांची बांधणी करून घ्यावी आणि माजी विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना प्रमाणित उतारे विनाशुल्क द्यावेत. कारकुनांनी त्यासाठी शनिवारची दुपार देण्याचे कबूल केले आहे.

स्वाध्याय : (१) आपल्या घराची लांबी-रुंदी पावलांनी मोजा आणि क्षेत्रफळ चौरस फुटांत व गजांत लिहा. (२) घरातील सर्वांत जुना कागद कोणता, तो कोणाच्या नावे आणि कोणत्या सालचा आहे, ते आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा. कागद शाळेत आणू नये, फक्त साल लिहून आणावे.